समुद्रबांधाची उंची : जोखमीच्या गणिताचा एक अध्याय

३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रातील वादळाने नेदरलँड्‌सच्या नैऋत्य भागातील बांध फोडले. त्यात १८३६ माणसे मृत्युमुखी पडली. तोवर बांधाची उंची ठरविण्याची रीत साधी होती : आजवरच्या सर्वांत मोठ्या भरतीची पातळी घ्यावयाची व तीत थोडी भर घालावयाची. हूक व्हान हॉलंड येथे पाणी प्रमाण पातळीच्या वर ३.८५ मीटरपर्यंत चढले आणि या रीतीची मर्यादा उघड झाली. बांध कितीही उंच असला तरी त्याहून मोठी भरती येण्याची शक्यता शून्य होत नाही.

त्याच फेब्रुवारीत शासनाने डेल्टा आयोग नेमला. ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रातील डेव्हिड व्हान डान्ट्सिख यांनी या कामात प्रश्नाची मांडणीच बदलली. त्यांचा यासंबंधीचा निबंध १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. बांध उंचावला की खर्च वाढतो. मात्र पाणी त्यावरून जाण्याची संभाव्यता झपाट्याने, घातांकी नियमाने घटते. भावी नुकसानीची अपेक्षित रक्कम व्याजदराने आजच्या मूल्यात आणावी, तीत बांधकामाचा खर्च मिळवावा आणि ही बेरीज ज्या उंचीला किमान होते ती उंची इष्टतम मानावी, असा त्यांचा विचार होता.

आयोगाच्या १९६० च्या अंतिम अहवालाने मध्य हॉलंडसाठी दहा हजार वर्षांत सरासरी एकदा येणारी पातळी, म्हणजे हूक व्हान हॉलंड येथे सुमारे ५ मीटर, आधारभूत धरली.

पुढे या गणितातील एक उणीव लक्षात आली. बांधामागील संपत्ती वाढत जाते, त्यामुळे एकदाच उंची वाढवून भागत नाही. ती ठरावीक काळाने पुन्हा वाढवावी लागते. २००६ मध्ये आयगेनराम यांनी ही दुरुस्ती मांडली. या धर्तीवरील संशोधनाच्या आधारे आखलेल्या डच कार्याला २०१३ मध्ये फ्रान्झ एडेलमन पारितोषिक मिळाले.

एक प्रश्न मात्र उरतो. बेरीज पैशात होते. मग माणसाच्या जिवाची नोंद कोणत्या रकान्यात करावयाची? केवळ नुकसानीचा हिशेब पाहिला तर श्रीमंत शहराला उंच बांध मिळेल आणि गरीब खेड्याला ठेंगणा. २०१७ च्या डच निकषांनी यावर मर्यादा घातली : बांधामागे राहणाऱ्या कोणाही व्यक्तीला पुरामुळे मृत्यू येण्याची वार्षिक संभाव्यता एक लाखात एकाहून अधिक नसावी, हे उद्दिष्ट २०५० पर्यंत गाठावयाचे आहे. खर्चाचे किमानीकरण त्यानंतर येते. वर्गात किमान मूल्य काढण्याचे उदाहरण शिकविताना फलन कोणते घेतले याबरोबरच बंधन कोणी व कशासाठी घातले, हेही विद्यार्थ्यांपुढे ठेवणे उपयुक्त ठरेल.