ऑलरेड, मायकेल डाल्टन

ऑलरेड, मायकेल डाल्टन : (जन्म २६ सप्टेंबर १९६२). अमेरिकन कॉमिक चित्रकार व लेखक. माइक ऑलरेड या नावाने परिचित. जन्म ओरेगन राज्यातील रोझबर्ग येथे. ‘मॅडमॅन’ या पात्राचे जनक आणि ‘द गोल्डन प्लेट्स’ या मॉर्मन धर्मग्रंथावरील कॉमिकचे कर्ते. सर्वसाधारणपणे मॉर्मन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ या पंथाचे ते अनुयायी आहेत. या पंथात वाढलेले कॉमिक चित्रकार आणखीही आहेत; परंतु बाजारातले यशस्वी काम आणि स्वतःची श्रद्धा या दोन्हींना एकाच कुंचल्याने भिडण्याचे धाडस ऑलरेड यांच्याइतके क्वचितच कोणी केले असेल.

सुरुवातीला ते दूरचित्रवाणीचे वार्ताहर म्हणून युरोपात काम करत होते. १९८९ मध्ये ‘डेड एअर’ हे त्यांचे पहिले महत्त्वाचे कॉमिक निघाले आणि पुढे त्यांनी पत्रकारिता सोडली. जॅक कर्बी, अ‍ॅलेक्स टॉथ यांच्या पिढीचे संस्कार आणि १९६० च्या दशकातील पॉप कला यांतून त्यांची शैली घडली. कुंचल्याने ओढलेली जाड, गोलसर, ठाम रेघ. कमीत कमी छायारेषा. आणि सपाट, उजळ रंग. हे रंग बहुतेक वेळा त्यांच्या पत्नी लॉरा ऑलरेड यांचे असतात. लॉरा यांना २०१२ मध्ये सर्वोत्कृष्ट रंगकामासाठी कॉमिक क्षेत्रातला आयझनर पुरस्कार मिळाला. ऑलरेड यांच्या पानाविषयी बोलताना लॉरा यांना वगळणे अन्यायाचे ठरेल. ती रेघ एवढी मोकळी राहू शकते, कारण उरलेले काम रंग करतात.

‘मॅडमॅन’ची पहिली मालिका १९९२ मध्ये आली. नायक अपघातात मरतो, दोन शास्त्रज्ञ त्याला पुन्हा जिवंत करतात आणि त्याला आधीचे काहीच आठवत नाही. फ्रँक सिनात्रा व अल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या नावांवरून त्याचे नाव ठेवले जाते फ्रँक आइन्स्टाइन. शिवलेला चेहरा झाकायला तो पांढरा पोशाख चढवतो; छातीवर विजेची लाल खूण. स्नॅप सिटी या काल्पनिक शहरातले राक्षस, यंत्रमानव, परग्रहवासी यांच्याशी मारामाऱ्या होतात, पण मालिकेचा जीव त्यांत नाही. मी आधी कोण होतो, वाईट माणूस होतो का, देवाने मला परत का आणले, या प्रश्नांनी हा हळवा नायक हैराण असतो. मॉर्मन शिकवणीनुसार आत्मा जन्मापूर्वीही ईश्वराजवळ असतो आणि जन्म घेताना त्या आठवणीवर पडदा पडतो. पुनरुत्थानही देहासकट होते. ही शिकवण ठाऊक असेल तर मॅडमॅनचे हरवलेले पूर्वायुष्य वेगळे दिसू लागते. पंथाचा उल्लेखही न करता श्रद्धेचा गाभा सुपरहीरोच्या गोष्टीत उतरवल्याचे इतके चांगले उदाहरण अमेरिकन कॉमिकमध्ये शोधून सापडणे कठीण.

२००१ मध्ये लेखक पीटर मिलिगन यांच्यासोबत त्यांनी मार्व्हलची ‘एक्स-फोर्स’ मालिका ११६ व्या अंकापासून हाती घेतली. प्रसिद्धीसाठी हपापलेल्या सुपरहीरोंची ही कथा रक्तरंजित होती. पहिल्याच अंकात जवळजवळ सगळा संघ मारला जातो. ‘कॉमिक्स कोड’ या नियंत्रक संस्थेचा शिक्का न घेता मार्व्हलने हा अंक काढला आणि पुढे या कंपनीने त्या व्यवस्थेशी नातेच तोडले. मालिका ‘एक्स-स्टॅटिक्स’ या नावाने २००४ पर्यंत चालली. श्रद्धाळू चित्रकाराने असे काम का करावे, हा प्रश्न साहजिक आहे. मालिका मृत्यूला खेळ मानत नाही, मृत्यूचा बाजार मांडणाऱ्यांना उघडे पाडते, हे त्याचे उत्तर तिच्या पानांतच आहे.

२००४ मध्येच ‘द गोल्डन प्लेट्स’ सुरू झाले. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा त्याचा आधारग्रंथ पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील पाल्मायरा येथे प्रसिद्ध केला. सोन्याच्या पत्र्यांवरील प्राचीन लेखाचा हा अनुवाद, अशी मॉर्मनांची श्रद्धा आहे. इ. स. पू. ६०० च्या सुमारास लेहाय नावाचा संदेष्टा आपले कुटुंब घेऊन जेरुसलेम सोडतो आणि समुद्रमार्गे अमेरिकेत पोहोचतो, तेथून हा वृत्तांत उलगडत जातो. ऑलरेड यांनी आपले कॉमिक स्वतःच्या ‘एएए पॉप’ या छोट्या प्रकाशनातर्फे काढले. चर्चचे हे अधिकृत प्रकाशन नव्हे.

या ग्रंथाची दृश्ये मॉर्मन वाचकांच्या मनात आधीच पक्की होती. आर्नल्ड फ्रायबर्ग यांनी १९५० च्या दशकात चर्चच्या बालमासिकासाठी बारा तैलचित्रे केली आणि त्यांतली चित्रे पुढे ग्रंथाच्या लक्षावधी प्रतींत छापली गेली. त्यांतले पुरुष रुंद खांद्यांचे, पीळदार, एका भव्य क्षणी थबकलेले. कॉमिकला तो एक क्षण पुरत नाही. लेहायचा मुलगा नीफाय पायरी चढताना कसा दिसेल, लेहायच्या तंबूत भांडी कोणती, भावाभावांच्या भांडणात कोण कोणाच्या मागे उभा, हे चौकटीगणिक ठरवावे लागते, आणि ग्रंथ पोशाखाविषयी किंवा चेहऱ्याविषयी फारसे बोलत नाही.

पहिल्या भागाच्या शीर्षकात लेबनची तलवार आहे. प्राचीन लेख कोरलेले पितळी पत्रे लेबनच्या ताब्यात असतात; रात्री जेरुसलेमच्या रस्त्यावर दारूच्या नशेत पडलेला तो नीफायला दिसतो. ईश्वराच्या आत्म्याची आज्ञा होते, नीफाय मागे-पुढे होतो आणि अखेर लेबनच्याच तलवारीने त्याचे शिर उडवतो. मग त्याचे कपडे अंगावर चढवून ते पत्रे मिळवतो. श्रद्धावंतांनाही अस्वस्थ करणारा हा प्रसंग आडोशाला न ठेवता ऑलरेड यांनी तो शीर्षकात आणला. तिसरा भाग त्याहून अवघड. त्याच्या शीर्षकातला मळ्याचा धनी येतो जेकबच्या पुस्तकातील पाचव्या अध्यायातून. ७७ ओव्यांचा हा ग्रंथातला सर्वांत लांब अध्याय. त्यात ऑलिव्हच्या झाडांना कलमे बांधणे, फांद्या छाटणे, कडू फळे जाळणे एवढेच घडते. नायक नाही, लढाई नाही. असा मजकूर चित्रांसाठी निवडण्यात चित्रकाराची भक्ती सर्वांत स्पष्ट दिसते.

पुढच्या कामांत ‘आयझॉम्बी’ (२०१० पासून, लेखक ख्रिस रॉबर्सन) विशेष गाजले. त्यावरून झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेची शीर्षकचित्रेही ऑलरेड यांचीच. डॅन स्लॉट यांच्यासोबतच्या ‘सिल्व्हर सर्फर’च्या ११ व्या अंकाला २०१६ मध्ये सर्वोत्कृष्ट एकल अंकाचा आयझनर पुरस्कार मिळाला. त्या अंकाची पाने पीळ दिलेल्या पट्टीसारखी रचली आहेत. वाचकाला पुस्तक उलटे धरून परत यावे लागते आणि पात्रांसोबत तोही काळाच्या फेऱ्यात अडकतो. २०२० मध्ये डेव्हिड बोवी यांच्यावरील चित्रचरित्र आले.

‘द गोल्डन प्लेट्स’चे तीनच भाग निघाले. बेंजामिन राजाचे प्रवचन, अ‍ॅल्माचे परिवर्तन, ख्रिस्ताचे अमेरिकेतील दर्शन असा ग्रंथाचा मोठा भाग या मालिकेत आलाच नाही. अपुरे असूनही ऑलरेड यांच्या कामात ‘मॅडमॅन’च्या खालोखाल मान या तीन भागांनाच द्यायला हवा.