ब्रेसेसची तार दात कशी सरकवते? बलाच्या दिशेचं साधं गणित

मोबाईल टेबलावर आडवा ठेवा. कडेच्या बरोबर मध्यावर बोटाने ढकला, तो सरळ सरकेल. कोपऱ्याजवळ ढकला, तो फिरेल. जोर तेवढाच, फरक फक्त जागेचा. दाताचंही असंच आहे.

दात का कलतो?
दाताचा 'मध्य', म्हणजे प्रतिरोध केंद्र, मुळाच्या भागात हाडाच्या आत असतो. तार मात्र बाहेर दिसणाऱ्या भागावरच लावता येते. त्यामुळे नुसतं ओढलं की दात सरकण्याऐवजी कलतो. तो सरळ सरकावा म्हणून ब्रॅकेटच्या खाचेत आयताकृती तार बसवून उलटा पीळ देतात.

किती बल लागतं?
• दात कलवायला : साधारण 35 ते 60 ग्रॅम
• उभाच्या उभा सरकवायला : 70 ते 120 ग्रॅम
• हाडात आत दाबायला : फक्त 10 ते 20 ग्रॅम

आत दाबताना सगळा ताण मुळाच्या टोकावर येतो, म्हणून तिथे बल सगळ्यात कमी.

हाडात काय होतं?
दाबाच्या बाजूला हाड झिजतं, ओढीच्या बाजूला नवीन बनतं. दात महिन्याला जेमतेम 1 मिमी सरकतो. बल जास्त झालं तर तिथला रक्तपुरवठा थांबतो, दात उलट अडकतो आणि मूळही झिजू शकतं.

कॉम्प्युटरवर कसं बघतात?
इंजिनिअरिंगला आम्ही पुलाच्या बीमवर जी फायनाईट एलिमेंट पद्धत वापरायचो, तीच इथे चालते. स्कॅनवरून दात आणि हाडाचं थ्रीडी मॉडेल करायचं, त्याचे हजारो बारीक तुकडे पाडायचे, बलाची दिशा बदलत ताण मोजायचा. लाल म्हणजे जास्त ताण, निळा म्हणजे कमी. पण हे चित्र बहुतेक वेळा बल लावल्या क्षणाचं असतं. पुढच्या महिन्यांत हाड कसं बदलेल हे डॉक्टरच तपासत राहतात.

रील बघून रबर लावू नका
फट बुजवायला दोन दातांभोवती रबर अडकवलं की त्याची दिशा कोणाच्याच हातात राहत नाही. दात मुळाकडे निमुळता असल्याने रबर हिरडीखाली सरकतं, हाड खातं. दात गमावल्याच्या केसेस आहेत. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लोणीला प्रवरा संस्थेचं रूरल डेंटल कॉलेज आहे, तिथे ऑर्थोडॉन्टिक्सचा विभाग आहे. तुमच्या जवळचं असं कॉलेज किंवा ऑर्थोडॉन्टिस्ट शोधा आणि आधी एक्स-रे काढून घ्या.