लोणारचे विवर आणि मोंगो ग्रह

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. दैत्यसूदन विष्णूने लवणासुराचा वध येथेच केला, अशी आख्यायिका. अशनिपाताचा भक्कम पुरावा मात्र १९७३ साली मांडला गेला. तोवर अनेक अभ्यासक या विवराला ज्वालामुखीची निर्मिती समजत.

आणि १९३४ सालीच अलेक्स रेमंडच्या चित्रकथेत मोंगो नावाचा ग्रह पृथ्वीवर आदळण्याच्या बेतात होता! तेथूनच फ्लॅश गॉर्डनचा अंतराळप्रवास सुरू झाला. मोंगोचा जुलमी सम्राट मिंग म्हणजे या कथेतला लवणासुरच.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघत. त्यांच्या मराठी आवृत्तीने ली फॉकचे वेताळ आणि मँड्रेक घरोघरी पोहोचवले. गॉर्डनही इंद्रजालमध्ये आला, पण प्रत्येकाचे जग निराळे राहिले. लोथारसह हे वीर एकत्र आले ते अमेरिकेत, १९८६च्या ‘डिफेंडर्स ऑफ द अर्थ’ या कार्टून मालिकेत. शत्रू तोच, मिंग. पुढच्या वर्षी मार्व्हलने त्यावर कॉमिक्स काढले. ते चार अंकांतच आटोपले. वेताळाला अवकाशयुद्धात उतरवणे तसे विजोडच होते. कवटीची गुहा आणि घनदाट अरण्य मागे पडले, की त्याचा निम्मा दरारा ओसरतो.