शाहिराला परवाना कोण देणार?

गाण्याला फक्त भांडवलदारांचे सरकार घाबरते, असे आपल्यातल्या काही लाल मित्रांना अजून वाटते. त्यांनी प्रागचा इतिहास वाचावा.

ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले. त्याच वर्षी तिथे 'प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स' हा रॉक बँड उभा राहिला. ही पोरं सत्तेविरुद्ध घोषणाही देत नव्हती. लांब केस आणि विक्षिप्त गाणी, एवढाच गुन्हा! १९७० मध्ये त्यांचा व्यावसायिक परवाना गेला. मग ती लग्नकार्यात, खेड्यापाड्यात वाजवू लागली. १९७६ मध्ये धरपकड झाली आणि त्यांचे मार्गदर्शक इव्हान यिरोस यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. त्या खटल्याविरुद्ध एकवटलेल्या लोकांतूनच जानेवारी १९७७ मध्ये 'चार्टर ७७' निघाला. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्यात हे घडले. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना करताना हुकूमशाहीवर बोट ठेवले होते, ते उगाच नाही.

उजव्यांनी मात्र टाळ्या वाजवू नयेत. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकावर बंदी घातली ती मोरारजी देसाईंच्या काळातल्या काँग्रेस सरकारने. २ एप्रिल २०१३ रोजी कबीर कला मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी विधानभवनासमोर स्वतःहून हजर झाले. सचिनला जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडले, तोही सर्वोच्च न्यायालयातून. संविधानातले कलम १९ तेव्हाही जागेवरच होते. आम्ही कळंब्याचे, मध्यवर्ती कारागृह रोज पाहतो. गाण्याची किंमत आम्हाला वेगळी सांगावी लागत नाही.

पण आम्हाला सर्वांत जास्त छळतो तो विलास घोगरे. आयुष्यभर लाल चळवळीसाठी गायलेला हा दलित शाहीर. ज्यांच्यासाठी गायला, त्यांनीच त्याला शिस्तीच्या नावाखाली बाहेर काढले. ११ जुलै १९९७ रोजी रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे गेली. चार दिवसांनी विलासने स्वतःला संपवले, तेव्हा कपाळाला निळी पट्टी बांधलेली होती. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' त्याच्यापासूनच सुरू होतो. त्याच्यासाठी ना तुरुंग लागला ना खटला, आपल्याच माणसांचा ठराव पुरला.

म्हणून तरुण मित्रांनो, एक विचारतो: जयंतीच्या जलशात आपल्याच नेत्यावर टीका करणारे कवन कोणी आणले, तर तुमची कमिटी त्याला स्टेजवर चढू देते का?