उर्दू शाळेच्या शिक्षकाचा सहकारी कुठे असतो?

नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी पुस्तकापेक्षा माणसाची गरज जास्त असते. 'हा धडा तुम्ही कसा घेतला?' असे संकोच न करता विचारता येईल, असे कुणीतरी हवे असते. मराठी शाळेतल्या शिक्षकाला असा माणूस शेजारच्या गावात भेटतो. नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या एखाद्या छोट्या उर्दू शाळेच्या शिक्षकाला तो भेटण्यासाठी कधी कधी दोन तालुके ओलांडावे लागतात. आता प्रत्येकाच्या मोबाइलवर शिक्षकांचे पाच-सहा गट असतात, त्यामुळे हा प्रश्न संपला असे आपल्याला वाटते. तो खरेच संपला का, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागेल.

निजामाच्या राज्यात उर्दूच्या शिक्षकाची दिशा ठरलेली होती. १९१९ मध्ये हैदराबादला उस्मानिया विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले आणि उच्च शिक्षण उर्दूतून मिळू लागले. त्याच काळात औरंगाबादला मौलवी अब्दुल हक होते. शिक्षण खात्यातला हा माणूस १९१२ पासून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचा सचिव होता. अंजुमनचे काम त्यांनी औरंगाबादला आणले आणि १९२१ मध्ये तिथून 'उर्दू' हे त्रैमासिक सुरू केले. १९२८ पासून 'सायन्स' नावाचे त्रैमासिकही निघू लागले. सिकंदराबाद-मनमाड ही रेल्वे नांदेड आणि औरंगाबाद या दोन्ही गावांवरून जाते. अंक, पुस्तके आणि पत्रे याच वाटेने फिरत. हे जाळे टपालाचे होते, सावकाश चालणारे होते, पण होते.

त्या काळी एकटा पडलेला होता तो मराठीचा शिक्षक. माध्यमिक शाळांत उर्दूचा वरचष्मा होता आणि मराठी घरांतल्या मुलांना परक्या भाषेतून गणित-इतिहास शिकावा लागे. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईची योगेश्वरी यांसारख्या संस्था लोकांनी उभ्या केल्या, त्यामागे ही कोंडीही होती. स्वामी रामानंद तीर्थ या दोन्ही ठिकाणी शिकवत होते. आपल्या समाजात जुन्या काळाची आठवण काढताना ही बाजू बहुधा गाळली जाते. ती गाळू नये.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर चित्र उलटले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झाली. आपल्याकडे या घटनेकडे राजकारण म्हणून पाहिले जाते. शिक्षकासाठी तिचा अर्थ वेगळा होता. नांदेडच्या उर्दू शिक्षकाचे पुस्तकाचे दुकान, प्रशिक्षणाची जागा, वडीलधारे उस्ताद हे सारे राज्याच्या सीमेपलीकडे गेले. नवा रस्ता पुण्या-मुंबईकडे जात होता आणि त्या रस्त्यावरची भाषा मराठी होती. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली, पुढे उर्दू पाठ्यपुस्तके पुण्याहून येऊ लागली. पुस्तक आले, पण ते कसे शिकवायचे यावर बोलणारा सोबती पुस्तकाबरोबर आला नाही.

सोबत्यांची पहिली सरकारी व्यवस्था आली ती १९९४ मध्ये. जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद हे जिल्हे निवडले गेले. मुलींच्या साक्षरतेत मागे असलेले जिल्हे घ्यायचे, हा निवडीचा एक निकष होता. या कार्यक्रमाने समूहसाधन केंद्राची कल्पना रुजवली. जवळच्या शाळांचे एक केंद्र करायचे आणि शिक्षकांनी तिथे ठरावीक दिवशी जमून पाठांवर बोलायचे. कल्पना उत्तम होती. मी बी.एड. करून शिकवायला लागले, तेव्हा अशा बैठकांतच मला वर्गाबाहेरची शिकवण मिळाली. फळ्याची आखणी, गटात मुले बसवणे, कवितेला चाल लावणे, हे मी मराठी शाळांतल्या बाईंकडून शिकले.

पण केंद्र अंतरावर बेतलेले होते, माध्यमावर नव्हते. बैठकीत पंचवीस-तीस शिक्षक असले तर उर्दूचे दोघे-तिघे. आमचे काही प्रश्न तिथे कुणाचेच नसत. उर्दूची ओळ उजवीकडून डावीकडे जाते आणि आकडा डावीकडून उजवीकडे. शाब्दिक उदाहरणात मूल अडखळते ते इथे. उर्दूत ण आणि ळ नाहीत, म्हणून 'पाणी'चे 'पानी' होते आणि 'बाळ'चे 'बाल'. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. 'ते झाड' हे मुलाच्या गळी कसे उतरवायचे, हे मराठी ज्यांची मायबोली आहे त्यांना सांगता येत नाही, कारण त्यांना ते कधी शिकावेच लागले नाही.

मग मोबाइल आला. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात २०१४ च्या अखेरीस १०० आणि २०१६ मध्ये २५६ माणसे मावू लागली. त्याच वर्षी, ५ सप्टेंबरला, शिक्षकदिनीच जिओ सुरू झाले आणि डेटा स्वस्त झाला. पुढच्या शिक्षकदिनी केंद्र सरकारचे दीक्षा व्यासपीठ आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, राज्याच्या पुस्तकांत ते आले आणि २०२० मध्ये गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटली. ज्ञान वाटल्याने वाढते, हे त्यांनी पैशाच्या बाबतीतही करून दाखवले.

अंतराची अडचण प्रथमच दूर झाली. किनवटची शिक्षिका उदगीरच्या शिक्षकाला त्याच संध्याकाळी विचारू शकते. तरी नवे शिक्षक एकटेच दिसतात, आणि त्याची दोन कारणे मला दिसतात.

पहिले, आपले बहुतेक गट कार्यालयाची सूचनाफलक झाले आहेत. 'माहिती आजच सादर करावी' या ओळीखाली कुणी 'मला हा धडा जमत नाही' असे लिहीत नाही. वरिष्ठ वाचत असताना अज्ञान कोण दाखवणार?

दुसरे कारण लिपीचे. आमच्याकडे उर्दू मजकूर वर्षानुवर्षे इनपेजमध्ये तयार होऊन चित्र म्हणून फिरला. चित्र वाचता येते, पण त्यातला शब्द शोधता येत नाही. चांगली कृतिपत्रिका आठवडाभरात इतर संदेशांखाली गाडली जाते आणि पुढच्या जूनमध्ये नवा शिक्षक तेच विचारतो.

२०२४ मध्ये पवित्र पोर्टलवरून निवड होऊन अनेक तरुण घरापासून दूरच्या जिल्ह्यांत रुजू झाले. त्यांच्यातल्या उर्दू शिक्षकांना माझे सांगणे एवढेच आहे. कार्यालयाच्या गटाबाहेर सात-आठ जणांचा एक छोटा गट करा, एकाच इयत्तेचा, एकाच माध्यमाचा. आठवड्याला एकच पाठ घ्या. मुलांच्या वहीतल्या चुका मुलाचे नाव झाकून दाखवा. ठरलेले उत्तर युनिकोडमध्ये टाइप करून एका जागी जपा. आणि त्यात शेजारच्या मराठी शाळेतले एक सर किंवा बाई जरूर असू द्या.

या शेवटच्या गोष्टीवर माझा भर आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. कायदा नसता तरी आपल्या मुलांची नोकरी, दवाखाना, तहसील सारे मराठीतच आहे. फक्त उर्दूवाल्यांचा गट आपल्याला सोबत देईल, पण मुलांची मराठी कच्ची ठेवील. मौलवी अब्दुल हक उर्दूचे कट्टर सेवक. त्यांनीच १९३३ मध्ये मराठीवरच्या फारसीच्या प्रभावावर पुस्तक लिहिले. हजेरी, तक्ता, दप्तर, शाई, दौत, अर्ज, रजा. एवढे शब्द फळ्यावर लिहिले तरी उर्दू शाळेतल्या मुलाला कळते की मराठीच्या वर्गात तो पाहुणा नाही. हा पाठ तुमच्या गटाचा पहिला पाठ होऊ शकतो.