मावळातले बदली ग्राफिक्स कार्ड: एका खरेदीचा इतिहास

ग्राफिक्स कार्ड निकामी झाले की संगणक चालू होतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो. जुन्या मदरबोर्डांपैकी अनेकांवर अशा वेळी एक लांब आणि दोन आखूड बीप ऐकू येत, आणि दुरुस्ती करणाऱ्याला तेवढ्यावरून दोष कुठे आहे ते कळे. मग प्रश्न उरतो तो बदली कार्डाचा, आणि बहुतेक घरांत व लहान व्यवसायांत तो बेताच्या पैशांतच सोडवावा लागतो. तळेगाव दाभाडे, वडगाव, कामशेत आणि लोणावळा या मावळच्या पट्ट्यात या खरेदीवर बाजारातल्या नव्या कार्डांपेक्षा चार गोष्टींचा अंमल अधिक राहिला: घरातले जुने यंत्र, तिथली वीज, घाटमाथ्याचा पाऊस आणि दुकानापर्यंतचे अंतर.

अंतराची गोष्ट रेल्वेपासून सुरू होते. खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला, बोरघाटातला मार्ग १८६३ मध्ये खुला झाला, आणि १९७८ पासून पुणे–लोणावळा लोकल धावू लागली. लोहमार्गाने लोणावळा पुण्यापासून ६४ आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून १२८ किलोमीटरवर आहे. संगणकाच्या सुट्या भागांचे दोन जुने बाजार या मार्गाच्या दोन टोकांना आहेत. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली विजेच्या व इलेक्ट्रॉनिक सामानासाठी ओळखली जाते. मुंबईत ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, तर सुट्या भागांची देशातली एक मोठी पेठ. लोकलने शिवाजीनगर गाठून गल्लीत जाणे सोपे आणि स्वस्त होते. मात्र आणलेले कार्ड घरच्या यंत्रात बसले नाही, तर पुन्हा एक दिवस मोडायचा. म्हणून जाणते लोक जुने कार्ड काढून, कागदात गुंडाळून बरोबर नेत. दुकानदाराला तोंडी वर्णन करण्यापेक्षा वस्तूच दाखवलेली बरी, आणि कार्डाच्या सोनेरी दात्यांवरून स्लॉट कोणता ते लगेच ओळखता येई.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा प्रश्न तुलनेने साधा होता. ट्रायडेंट आणि एस३ या कंपन्यांच्या चिपांची १, २ किंवा ४ एमबी स्मृतीची पीसीआय कार्डे असेंबल्ड संगणकांत सर्रास असत. एक गेले की दुसरे कोणतेही पीसीआय कार्ड त्याच स्लॉटमध्ये बसे. लग्नपत्रिका, हँडबिले आणि पावतीपुस्तके करणाऱ्या डीटीपी चालकाला कार्डाकडून एवढेच हवे असे, की पडद्यावर पान मोठे आणि रंग खरे दिसावेत. तिथे स्मृतीचा आकडा थेट उपयोगी पडे. १०२४ बाय ७६८ ठिपक्यांचे चित्र २५६ रंगांत दाखवायला पाऊण एमबी पुरते. तेच चित्र खऱ्या, म्हणजे २४ बिटांच्या रंगांत दाखवायला सव्वादोन एमबी लागतात. म्हणजे १ एमबीच्या कार्डावर छायाचित्राचे रंग फुटणार, २ एमबीवर बरे दिसणार आणि ४ एमबीवर नीट दिसणार. ‘जास्त एमबी म्हणजे जास्त चांगले कार्ड’ ही समजूत याच काळात रुजली. त्या काळापुरती ती बरोबर होती. पुढे तिनेच बेताच्या पैशांत खरेदी करणाऱ्यांचे सर्वांत जास्त नुकसान केले.

किमतींना दुसरीकडून उतार लागला. माहिती तंत्रज्ञानाच्या वस्तूंवरील जागतिक करारात भारत १९९७ मध्ये सामील झाला आणि २००५ पर्यंत या वस्तूंवरची सीमाशुल्के टप्प्याटप्प्याने शून्यावर आणायचे बंधन आले. त्याच सुमारास त्रिमितीय चित्रांचा जमाना सुरू झाला. ३डीएफएक्सचे वूडू १९९६ मध्ये, ग्राफिक्स कार्डासाठीचा वेगळा एजीपी स्लॉट १९९७ मध्ये, एनव्हिडियाचे जीफोर्स २५६ हे १९९९ मध्ये आले. २००० सालच्या जीफोर्स २ एमएक्सने मध्यम किमतीत खेळ चालवणारे कार्ड उपलब्ध करून दिले. २००२ मधले जीफोर्स ४ एमएक्स मात्र नावापुरतेच चौथ्या पिढीचे होते. छटांची गणिते प्रोग्रॅमने बदलण्याची सोय, जी जीफोर्स ३ मध्येही होती, ती त्यात नव्हती. नावातला मोठा आकडा पाहून घेतलेले कार्ड पुढच्या एक-दोन वर्षांतच नव्या खेळांना नकार देऊ लागले.

खरी अडचण मदरबोर्डाने आणली. पैसे वाचवण्यासाठी घेतलेल्या इंटेल ८१० किंवा ८४५जीएल चिपसेटच्या बोर्डांवर एजीपी स्लॉटच नसे; अशा यंत्राला पीसीआयवर चालणारे एखादे जीफोर्स एफएक्स ५२०० शोधावे लागे, आणि ते त्याच नावाच्या एजीपी कार्डापेक्षा मंद असे. २००४ मध्ये एजीपीच्या जागी पीसीआय एक्स्प्रेस आले, आणि एजीपीच्या मालकांना दर वर्षी निवड कमी होताना दिसू लागली. जीफोर्स ६६०० जीटीसारखी काही कार्डे जोडचिप लावून एजीपीतही निघाली, पण पुढे नव्या कार्डाच्या किमतीत बोर्ड, प्रोसेसर आणि रॅमही धरावी लागे. बदली कार्ड घ्यायला गेलेला माणूस अर्धा संगणक घेऊन लोकलमध्ये चढे, तो याच कारणाने.

विजेचा भाग मावळच्या संदर्भात अधिक सविस्तर सांगण्यासारखा आहे. लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून टाटांनी १९१५ मध्ये वीज तयार करायला सुरुवात केली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. मावळच्या गावांना वीज पुढे राज्याच्या मंडळाकडून मिळाली, आणि २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यभराच्या भारनियमनाचा ताण ग्रामीण भागाला शहरापेक्षा जास्त सोसावा लागला. वीज जाताना व येताना दाबाचा जो झटका बसतो, तो सर्वांत आधी पॉवर सप्लायला, म्हणजे दुकानाच्या बोलीत एसएमपीएसला बसतो. स्वस्त कॅबिनेटबरोबर येणाऱ्या एसएमपीएसवर ‘४५० वॉट’ अशी चिठ्ठी असे, पण सलग तेवढा भार पेलण्याची त्याची कुवत बहुधा नसे. बॅकअपला ६०० व्हीएचा यूपीएस लावलेला असला, तरी त्याची खरी मर्यादा ३६० वॉटच्या आसपास असते.

अशा यंत्रात जास्त वीज ओढणारे कार्ड घालणे म्हणजे एका बिघाडाच्या जागी दुसरा विकत घेणे. पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्यापेक्षा जास्त लागले तर एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर जोडावी लागते, आणि जुन्या एसएमपीएसला ती नसतेच. २००७ च्या अखेरचे जीफोर्स ८८०० जीटी हे त्याच्या किमतीत विलक्षण वेगवान कार्ड होते, पण त्याला शंभर वॉटच्या वर वीज आणि सहा पिनांची वायर लागे. फेब्रुवारी २०१४ मध्ये आलेल्या जीटीएक्स ७५० टीआयचे महत्त्व इथे आहे. ६० वॉटमध्ये, वेगळ्या वायरीशिवाय, ते तेव्हाचे बहुतेक खेळ आणि अल्बम डिझाइनची कामे सांभाळू शके. २०१६ च्या १०५० टीआयने ७५ वॉटच्या मर्यादेत तीच सोय पुढे नेली. त्याहून वेगवान कार्डे त्या वर्षांत पुष्कळ निघाली. तरीही जुन्या यंत्रांच्या, बेताच्या पैशांच्या आणि भरवसा नसलेल्या विजेच्या प्रदेशासाठी या सगळ्या इतिहासात याहून योग्य कार्डे झाली नाहीत.

पावसाचा परिणाम हळू होतो. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा कॅबिनेटमध्येही शिरतो. बंद पडून राहिलेल्या संगणकात कार्डाचे दाते काळवंडतात, धुळीला ओल धरते आणि संपर्क तुटतो. म्हणून कार्ड मेले असे ठरवण्याआधी ते काढून, दाते खोडरबराने घासून, स्लॉट ब्रशने झाडून पुन्हा बसवणे ही दुरुस्तीतली पहिली पायरी ठरली. कित्येक ‘मेलेली’ कार्डे एवढ्यानेच उठतात. २००० च्या दशकातल्या बोर्डांवर आणि कार्डांवर खराब द्रावण भरलेले कपॅसिटर फुगून फुटण्याची साथ जगभर होती. तिथे मात्र कपॅसिटर बदलून डाग लावणारा कुशल हातच लागे.

स्मृतीच्या आकड्याची जुनी समजूत २०१० च्या दशकात विक्रीचे साधन बनली. जीटी ७३० एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या रूपांत विकले गेले. जीटी १०३० चे उदाहरण तर आकड्यांतच पाहावे. २०१७ मधल्या मूळ कार्डात २ जीबी जीडीडीआर५ स्मृती होती आणि तिचा वेग सेकंदाला ४८ जीबी. २०१८ मध्ये त्याच नावाने डीडीआर४ स्मृतीचे कार्ड निघाले, तेही २ जीबीचेच, पण वेग १६.८ जीबी. खोक्यावर ठळक छापलेला आकडा दोन्हीकडे सारखा. ज्याला फरक माहीत नव्हता त्याने जवळपास तेवढ्याच पैशांत तिसरा हिस्सा वेग घेतला. ग्राहकाशी हा व्यवहार सरळपणाचा नव्हता, असे स्पष्ट म्हणायला हवे.

२०१७–१८ मध्ये आणि पुन्हा २०२०–२२ मध्ये आभासी चलनाच्या खनिकांनी बाजारातली कार्डे उचलली. दुसऱ्या वेळी महासाथीतला चिपांचा तुटवडाही भर घालत होता. टंचाई इतकी होती, की २०२१ मध्ये एनव्हिडियाने पाच वर्षे जुने १०५० टीआय पुन्हा पुरवठ्यात आणले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचे त्याचे खनन थांबले, आणि आरएक्स ५७०, ५८० अशी रात्रंदिवस राबलेली कार्डे जुन्या मालात उतरली. त्यांतली काही चांगली निघतात. मात्र पंखे झिजलेले, चिपवरची पेस्ट वाळलेली आणि बायॉस खननासाठी बदललेले असण्याची शक्यता धरूनच त्यांची किंमत करावी लागते.

याच सुमारास मावळात चिप तयार होण्याची शक्यताही चर्चेत होती. वेदांत–फॉक्सकॉनच्या प्रकल्पासाठी तळेगावची जागा पुढे होती. सप्टेंबर २०२२ मध्ये तो गुजरातला जाहीर झाला आणि जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्यातून बाहेर पडली.

खरेदीची रीतही बदलली. तापकीर गल्लीत पक्के बिल आणि कच्चे बिल असे दोन भाव चालत. कच्च्या बिलावर चार पैसे वाचत, पण तीन वर्षांची वॉरंटी कागदाअभावी निरुपयोगी होई. जुलै २०१७ पासून जीएसटीचा दर १८ टक्के झाला, तरी दूरच्या ग्राहकाने पक्के बिलच घेणे शहाणपणाचे राहिले, कारण बिघडलेले कार्ड आरएमएला, म्हणजे वॉरंटीत बदलून घ्यायला, टाकण्याची फेरी त्यालाच करायची असते. ऑनलाइन खरेदीने जाण्याचा दिवस वाचवला, पण कार्ड नेऊन जुळवून पाहण्याची सोय काढून घेतली.

नव्या कार्डांनी जुन्या यंत्रांपुढे नव्या अटी ठेवल्या आहेत. जीटीएक्स १० मालिकेपासून व्हीजीएला लागणारा अ‍ॅनालॉग संकेत कार्डातून गेला, त्यामुळे जुना मॉनिटर ठेवायचा तर वेगळा कन्व्हर्टर लागतो. २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी स्लॉटच्या चारच मार्गिकांवर चालते, म्हणून पीसीआय एक्स्प्रेस ३ च्या बोर्डावर त्याचा वेग ठळकपणे घटतो. दुसरीकडे रायझन ५ ५६००जीसारख्या प्रोसेसरांतच इतके ग्राफिक्स येते, की कार्यालयीन कामासाठी स्वस्त कार्डाची गरज उरत नाही. उलट पैसे वाचवायला इंटेलचा ‘एफ’ अक्षराचा प्रोसेसर घेतलेल्याला कार्ड गेल्यावर दुसरे घ्यावेच लागते. ७५० टीआय आणि १०५० टीआय यांच्यासाठी एनव्हिडियाने खेळांचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले. ही कार्डे आज जुन्या मालात घेणाऱ्याला ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तिमाहीला सुरक्षेच्या सुधारणा तेवढ्या मिळतील.