कितवा स्लॅब झाला?

ठाणे स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून नौपाड्याच्या गल्ल्यांतून चालत गेलो, तर जागोजागी पत्र्यांची कुंपणे दिसतात. तिथली जुनी तीन-चार मजली इमारत पाडलेली असते आणि तिच्या जागी उंच मनोरा उभा राहायचा असतो. डोंबिवलीत फडके रोडच्या आसपास आणि कल्याणच्या जुन्या भागातही थोड्याफार फरकाने हेच दृश्य आहे. कुंपणाआड कित्येक महिने नुसता खड्डा असतो. भाड्याच्या घरात गेलेले जुने रहिवासी अधूनमधून येतात, पत्र्याच्या फटीतून डोकावतात आणि ‘अजून काहीच नाही’ म्हणत परततात. पुढे पहिला स्लॅब पडला की पेढे वाटले जातात आणि मग प्रत्येक भेटीत एकच प्रश्न असतो: कितवा स्लॅब झाला?

इमारतीची प्रगती मजल्यांत मोजण्याची ही सवय आली कुठून? ती आपण समजतो तितकी जुनी नाही. आपल्याकडचे वाडे आणि चाळी यांचा भार मुख्यतः भिंती वाहत असत. भिंत जितकी उंच न्यायची, तितकी ती तळाशी जाड करावी लागे. या पद्धतीचे टोक पाहायचे असेल, तर अमेरिकेतील शिकागो शहरात जावे लागेल. तिथे १८९१ साली मोनॅडनॉक नावाच्या १६ मजली इमारतीचा विटांच्या भिंतींवर पेललेला भाग पूर्ण झाला. तिच्या भिंती तळाशी ६ फूट, म्हणजे जवळजवळ १.८ मीटर जाड आहेत! तळमजल्याची पुष्कळशी जागा भिंतींनीच खाल्ली.

पण त्याच शहरात विल्यम जेनी या अभियंत्याने १८८५ मध्ये होम इन्शुरन्स बिल्डिंग ही १० मजली इमारत मुख्यतः लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर उभी केली होती. भार खांब आणि तुळया वाहणार, भिंती फक्त आडोशाला. गंमत म्हणजे लोखंडी सांगाड्याचा एक मोठा प्रयोग मुंबईने आधीच पाहिला होता. काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलचे लोखंडी भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणले आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडले गेले. पुढे लोखंडाची जागा सळई घातलेल्या काँक्रीटने घेतली. सांगाड्याच्या इमारतीत एकसारखे मजले एकावर एक चढत जातात, त्यामुळे ते मोजणे सोपे झाले. आपला ‘कितवा स्लॅब’ इथून आला.

मात्र जमिनीने हा हिशोब कधीच मान्य केला नाही. शिकागोखाली मऊ चिकणमाती आहे. मोनॅडनॉक थोडी खचणार हे गृहीत धरूनच बांधली होती, आणि ती खचत गेलीही. १९४० पर्यंत ती सुमारे २० इंच खाली गेली होती. सांगाड्याच्या इमारतीत तर भिंतीभर पसरणारा भार मोजक्या खांबांच्या पायथ्याशी एकवटतो. त्यामुळे खाली काय आहे, या प्रश्नाला आणखीच धार आली.

ठाण्याखाली काय आहे? पश्चिमेला येऊरचे डोंगर, खाडीपलीकडे पारसिकची टेकडी, आणि मध्ये खाडी. दोन्ही बाजूंना साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण आहे. डोंगराच्या पायथ्याला तो हाताशी येतो, पण खाडीकाठी त्यावर मुरूम आणि त्याहीवर मऊ, काळसर गाळ साचलेला असतो. रेल्वेला या भूगोलाशी फार लवकर झुंजावे लागले. १८५३ मध्ये गाडी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आली. पुढे कल्याणला पोचायला १८५४ उजाडले, कारण मध्ये खाडीवर पूल बांधायचा होता आणि मुंब्र्याच्या बाजूला बोगदे खोदायचे होते. पारसिकचा सव्वा किलोमीटरहून लांब बोगदा १९१६ मध्ये झाला. एकाच गावात अर्ध्या तासाच्या चालीत पाय कधी पाषाणावर असतो, कधी चिखलावर.

एक ढोबळ गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. भिंती, तुळया, माणसे, सामान सगळे धरून एका मजल्याचा भार दर चौरस मीटरला साधारण सव्वा टन धरू. ३० मजल्यांचे साडेसदतीस टन झाले. खाडीचा मऊ गाळ दर चौरस मीटरला जेमतेम काही टन पेलतो. अखंड काळा पाषाण त्याच्या कितीतरी पट. म्हणून आधी बोअर घेऊन खालच्या थरांचे नमुने तपासतात. पाषाण जवळ असेल तर खोदून त्यावरच पाया ठेवतात, खोल असेल तर गाळातून पाइल उतरवून त्यांची टोके पाषाणात रुतवतात. खड्ड्यात पाणी झिरपत असते. ते बेसुमार उपसले, तर शेजारच्या जुन्या इमारतीखालची माती दबते आणि तिच्या भिंतींना तडे जातात. म्हणून खड्ड्याच्या कडांना आधी आधार द्यावा लागतो. पत्र्याआडच्या त्या ‘काहीच नाही’च्या महिन्यांत एवढे सगळे चाललेले असते. आमच्या मते मनोऱ्याच्या कामाचा अवघड भाग हाच.

खड्ड्यातून बाहेर आल्यावर दुसरे घड्याळ सुरू होते, ते काँक्रीटचे. काँक्रीट वाळून घट्ट होते, हा समज विद्यार्थ्यांतच काय, मोठ्यांतही घट्ट आहे. खरे तर सिमेंट आणि पाणी यांच्यातील रासायनिक क्रियेने ते घट्ट होते, आणि ती क्रिया चालू राहावी म्हणून त्यावर निदान ७ दिवस पाणी मारावे लागते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला ७ दिवसांत अपेक्षित ताकदीच्या सुमारे दोन तृतीयांश ताकद येते. पूर्ण ताकद २८ दिवसांची धरतात. मिश्रणात पाणी वाढवले तर ते ओतायला सोपे जाते, पण ताकद घटते. हा नियम डफ अ‍ॅब्रम्स यांनी १९१८ मध्ये मांडला, तोही शिकागोतच.

वाळूचीही एक कथा आहे. मुंब्रा, डोंबिवली, कल्याण इथली ‘रेतीबंदर’ ही नावे आठवा. इथल्या कित्येक इमारती खाडीतून उपसलेल्या रेतीवर उभ्या राहिल्या. खाडीची रेती नीट धुतली नाही, तर तिच्यातले मीठ काँक्रीटच्या पोटात सळई गंजवते. गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीट फोडते. छताचे पोपडे निघतात ते पुष्कळदा असे.

आता मजल्यांच्या वेगाकडे येऊ. नवा स्लॅब ओला असताना त्याचे वजन टेकूंमार्फत खालचा स्लॅब पेलतो. ६ बाय ८ मीटरच्या वर्गखोलीवर १५ सेंटीमीटर जाडीचा स्लॅब घातला, तर काँक्रीट ७.२ घनमीटर, म्हणजे सुमारे १८ टन. खालचा स्लॅब कोवळा असेल, तर त्याच्या खाली आणखी टेकू हवेत. आज अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांनी, ज्यांना कामावर ‘मायवान’ म्हणतात, आठवड्या-दहा दिवसांत एक मजला होतो. तो होऊ शकतो, कारण साचा काढला तरी खालच्या दोन-तीन मजल्यांवरचे टेकू जागेवरच ठेवतात आणि काँक्रीटही त्या हिशोबाने निवडतात. वेग हा काही गुन्हा नाही. वेगाची किंमत कुठेतरी मोजलेली असावी लागते.

ती न मोजल्यास काय होते, हे याच पट्ट्याने पाहिले आहे. मुंब्र्याजवळ शीळ फाट्याला परवानगीशिवाय एक इमारत चढत होती. काही महिन्यांतच सात मजले झाले, आठव्याचे काम चालू होते आणि खालच्या मजल्यांवर कामगारांची आणि इतर कुटुंबे राहायलाही आली होती. ‘कितवा स्लॅब’ या मापाने पाहिले, तर तिची प्रगती डोळे दिपवणारी होती. ४ एप्रिल २०१३ च्या संध्याकाळी ती कोसळली. ७४ माणसे मेली, त्यांत लहान मुलेही होती. आपल्या बोलीत स्लॅब घातला तरी ‘पडला’ आणि कोसळला तरी ‘पडला’च.

तुमच्या शाळेजवळ असे काम चालू असेल, तर परवानगी काढून मुलांना तिथल्या पाण्याच्या टाकीपाशी न्या. प्रत्येक वेळी ओतलेल्या काँक्रीटचे १५ सेंटीमीटरचे ठोकळे तिच्यात बुडवून ठेवलेले असतात आणि त्यांवर तारीख लिहिलेली असते. काही ठोकळे ७ दिवसांनी, काही २८ दिवसांनी यंत्राखाली फोडून ताकद मोजतात. ठोकळ्यांवरच्या तारखा एका रकान्यात, ते फोडल्याच्या तारखा दुसऱ्यात आणि वरचे मजले घातल्याच्या तारखा तिसऱ्यात मांडायला सांगा. टाकी रिकामी असेल, तर तेही वहीत लिहून घ्या.